ग्रेडरकाकांच्या पुड्या

ओवी, निहार,

संशोधनाचं एमटेक करू की नोकरीला थेट उपयोगी पडेल ते, असं ओवीने परवा फोनवर विचारलं आणि मी विषय बदलला. तुमच्या आईपुढे हाच प्रश्न होता तेव्हा मी घाबरून चुकीचं वागले होते. म्हणून आता नीट लिहून देते. माझ्यापेक्षा बरं उत्तर ग्रेडरकाकांनी दिलं होतं.

ते पांढरकवड्याला आमचे शेजारी. खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवायचे. चिमूट दोन्ही अंगठ्यांत धरून ओढली की तंतूची लांबी त्यांच्या बोटांना कळे. कुणाकडे गेले तरी उशी चाचपत. "वयनी, हा किडका, कवडीचा कापूस भरला कोनं यात?" असं मला चारचौघांत विचारलं होतं.

कापसाची ती वाईट वर्षं होती. काकांनी खालची प्रत सांगितली की भाव उतरे, आणि गाडी घेऊन आलेला शेतकरी त्याच भावात माल उतरवी. तालुक्यात कुणी जीव दिल्याची बातमी आली की काका पेपर घेऊन आमच्याकडे येत. आधी गावाचं नाव शोधत. "ह्याचा माल माह्या हाताखालून गेलता का, तेच आठवून राह्यलो," म्हणत. पुढ्यातला चहा निवून जाई.

त्यातच माझ्या सुलूला, तुमच्या आईला, दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. पहिलं पुण्यात, दीड वर्षाचा अभ्यासक्रम आणि पुढे तिथेच नोकरी. दुसरं नागपूरला संशोधन, तंतू मोजणाऱ्या यंत्रावर. प्रबंधात मुली वर्षानुवर्षं अडकतात असं मी ऐकलेलं, म्हणून पुण्याचाच हट्ट धरला. सुलूची भीती वेगळी होती. यंत्र झालं तर काकांचं काम जाणार. तिने पुण्याच्या होकाराचा फॉर्म भरला.

काकांना कळलं तेव्हा ते पिशवीभर कागदी पुड्या घेऊन आले. प्रत्येकीत केंद्रावरची चिमूट, वर गावाचं नाव आणि त्यांनी दिलेली प्रत.

"हे मोज."

"काका, ते तुमच्यावरच येईल."

"मशीनचं भेव नाही वाटत मले, पोरी. ह्या हाताचं वाटते."

सुलू नागपूरला गेली. वर्षभराने तिचा अहवाल आला, इंग्रजीत. काकांनी तो मला मराठीत करून वाचायला लावला. बहुतेक पुड्या बरोबर निघाल्या होत्या. चार गावांच्या चांगल्या कापसाला मात्र त्यांनी खालची प्रत दिली होती. तेवढ्या ओळी मी गाळल्या.

काका उठले, दारापर्यंत गेले आणि थांबले. "वयनी, एका जागी तुमी लय भरकन वाचलं."

मग मी सगळं वाचलं. ते परत बसले आणि चारही गावं लिहून घेतली. पुढचे चार रविवार ते एसटीने एकेका गावाला जाऊन आले. तिथे कोण भेटलं, काय बोलणं झालं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायचा मला धीर झाला नाही.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. सुलूने नागपूरहून परत आणलेल्या त्या चार पुड्या माझ्या कपाटात, दुसऱ्या खणात आहेत. वर काकांची प्रत, खाली सुलूचा आकडा. दोन्ही अजून वाचता येतात.