काळ्या योद्ध्याचा काना

लालबागच्या एका वाचनालयाने अलीकडे काढलेली स्मरणिका मला कोणी आपणहून पाठवली नाही. मी ती मागवून घेतली, वाचली आणि टेबलावर आपटली. तीत एका प्राध्यापकाने असा शोध लावला आहे की, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या वर्षांत गिरगावातून निघणाऱ्या एका मासिकातील अद्भुतरम्य कादंबरीचा नायक लेखकाने बुद्ध्याच काळ्या वर्णाचा रंगवला, आणि तो घाम गाळणाऱ्या कामगाराला केलेला मुजरा होता. प्रकाशन समारंभात म्हणे प्राध्यापकांच्या भाषणानंतर दुसरे एक गृहस्थ उठले. ते त्या कादंबरीचे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरे, जुळवणाऱ्याचे नातू. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे नायक काळा केला तो त्यांच्या आजोबांनी, बंड म्हणून. टाळ्या दोघांनाही पडल्या. दोघेही चुकीचे बोलत होते. मासिक ज्या छापखान्यात छापले जाई तेथे मी मुद्रितशोधक होतो, आणि त्या पानाखाली ‘छापावे’ असे लिहून सही करणारा माणूस मीच.

त्या कादंबरीची लायकी आधी सांगितली पाहिजे. तिच्यात एक योद्धा होता. तो काळ्या घोड्यावर बसे, शिरस्त्राण कधी काढत नसे आणि प्रत्येक प्रकरणात तीसचाळीस माणसे कापून काढी. तिच्यात एक राजकन्याही होती. ती हरणांशी बोलत असे आणि माणसे दिसताच मूर्च्छित पडत असे. तिच्या मूर्च्छांच्या आधारावरच कथानक पुढे सरके. योद्धा सकाळी गावे जाळी, संध्याकाळी राजकन्या शिरस्त्राणावरूनच त्याच्या कपाळावर हात ठेवी आणि तो मुलासारखा रडे. जळालेल्या गावांतल्या माणसांनाही कपाळे असतात, हे लेखकाच्या ध्यानात आल्याचे मला कोठे आढळले नाही. ज्या दिवसांत फ्लोरा फाउंटनकडे निघालेल्या मोर्चांतून माणसे डोकी फोडून घेऊन परत येत होती, त्या दिवसांत त्याच डोक्यांना पट्ट्या बांधलेली माणसे छापखान्याच्या दारात येऊन विचारीत, “अंक निघाला का हो? घरी वाट बघताहेत.” लोकांनी लढावे हे मला कळत होते, लढून आल्यावर त्यांनी हे वाचावे, हे मला आजही कळलेले नाही.

लेखक एका शाळेत संस्कृत शिकवीत. त्यांच्या हस्तलिखितात नायकाचे नाव होते ‘काळयोद्धा’. काळ म्हणजे मृत्यू; मृत्यूसारखा योद्धा. त्याच्या कातडीच्या रंगाचा तेथे प्रश्नच नव्हता. उलट पुढच्या एका प्रकरणात शिरस्त्राण उतरून आत केतकीसारखा गोरापान चेहरा निघायचा, हे त्यांनी आधीच लिहून ठेवले होते. मुजरा म्हणतात तो हा.

आता चूक कशी झाली ते पाहा. आमच्याकडे मोठ्या ठशाचे खिळे मोजकेच होते. त्या आठवड्यात निषेधाची हस्तपत्रके छापली गेली होती आणि त्यांचा मथळा होता ‘काळा दिवस पाळा’. जुळवलेला मथळा लगेच मोडून खिळे खणाखणांत परत टाकायचे नाहीत, त्यातला उपयोगी शब्द तसाच उचलून दुसरीकडे बसवायचा, ही खिळे जुळवणाऱ्यांची जुनी रीत. तेवढेच काम वाचते. आमचा जुळारी मालवणकडचा, पूर्वी गिरणीतून काढलेला, हाताने जलद आणि तोंडाने मंद. प्रकरणाचे शीर्षक जुळवताना त्याने हस्तपत्रकातला ‘काळा’ उचलला, पुढे ‘योद्धा’ लावला आणि मोकळा झाला. एक काना जास्त पडला. पुढे मजकुरात ‘काळयोद्धा’ आले तेव्हा लेखक काना विसरला असे समजून त्याने तेही शीर्षकाप्रमाणे ‘सुधारले’. बंड वगैरे काही नव्हते. बंड करायचे असते तर त्याने सावकाश केले असते. त्याला घाई होती.

आणि मी? मी ते पान वाचलेच नाही. ती कादंबरी वाचण्याच्या लायकीची नाही, असे माझे ठाम मत होते. म्हणून तिच्या प्रुफावर नुसती नजर फिरवून सही करण्याची सवय मी लावून घेतली होती. मुद्रितशोधकाला यापरते लाजिरवाणे काही नाही. तरी मी ते लिहितो आहे, कारण माझी चूक दुसऱ्याच्या नावावर पराक्रम म्हणून चढलेली मला खपत नाही.

अंक बाहेर पडला आणि पत्रे येऊ लागली. परळ, भोईवाडा, कॉटन ग्रीन येथून. बहुतेक बायकांची, काही दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली. ‘एवढी पुस्तके वाचली, पण आमच्या माणसासारख्या रंगाचा राजबिंडा पहिल्यांदाच भेटला,’ असे एकीने लिहिले होते. मासिकाचे संपादक आणि छापखान्याचे मालक एकच. त्यांनी ती पत्रे खुशीत मला वाचून दाखवली. तेव्हा मला चूक कळली. मी सहीचे प्रूफ शोधून टेबलाच्या खणात ठेवले.

चार दिवसांनी लेखक अंक हातात घेऊन आले. दारातूनच ओरडले, “मालक, तुमच्या माणसाने माझ्या नायकाच्या तोंडाला काळे फासले!”

“अक्षरशः,” मालक म्हणाले.

लेखकांना विनोद पेलत नसत. त्यांनी दोन मागण्या केल्या. पुढच्या अंकात शुद्धिपत्र हवे, आणि ज्याने खिळे जुळवले तो आजच्या आज कामावरून गेला पाहिजे. नाहीतर कादंबरी येथेच थांबेल. मालकांनी जुळाऱ्याला बोलावले. तो शाईचे हात धोतराला पुसत येऊन उभा राहिला. गिरणीतून एकदा निघालेला माणूस. घरी चार तोंडे. मालकांचा चेहरा पाहून मला कळले की कादंबरी थांबण्यापेक्षा हा गेलेला त्यांना परवडणार होता.

जुळारी त्यांच्याशी बोललाच नाही. माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “मास्तरांनू, माका काढा व्हया तर. पण ता शुद्धिपत्र काढू नका. घरातली वाचता, अख्ख्या चाळीक वाचून दाखयता. तिका जावन काय सांगू, तो गोरो होतो म्हणान?”

येथे प्राध्यापक महाशयांनी कान द्यावा. मी करुणेने उठलो असे मी म्हणणार नाही. त्या लेखकाच्या आवाजात जो संस्कृतचा ताठा होता तो मला सहन झाला नाही, म्हणून मी उठलो.

“शुद्धिपत्र कशाचे काढायचे?” मी विचारले. “‘काळयोद्धा’ हा शब्दच अशुद्ध आहे.”

लेखक माझ्याकडे पाहू लागले. मी पुढे म्हणालो, “योद्धा तत्सम, काळ मराठी. समास करायचा तर ‘कालयोद्धा’ लिहायला हवे होते. शुद्ध मराठी विशेषण काढून त्या जागी धेडगुजरी समास बसवायचा आणि त्याला शुद्धिपत्र म्हणायचे? खाली आपले नाव छापू की शाळेचे?”

“काळरात्र म्हणत नाही का आपण?” ते कडाडले.

“म्हणतो. पण रात्र मराठी आहे. संस्कृतात रात्रि, तेव्हा कालरात्रि. आपण शिकवता, मी आपल्याला काय सांगावे?”

त्या क्षणी त्यांना ‘काळपुरुष’ आठवला असता तर माझी पुरती पंचाईत होती. तेथे पुरुष तत्समच आहे आणि काळ मराठीच. तो शब्द माझ्या जिभेवर नाचत होता. पण रागावलेल्या विद्वानाजवळ शब्दकोश नसतो. ते लालबुंद झाले, आणि तेवढ्यात मी प्रूफ काढून टेबलावर ठेवले. “आणि माणूसच काढायचा असेल तर ‘छापावे’ ही सही माझी आहे. याला सोडा.”

मालकांनी एकदा प्रुफाकडे पाहिले, एकदा पत्रांच्या गठ्ठ्याकडे. मग लेखकांचा हात धरून ते गोडीने म्हणाले, “गुरुजी, राहू द्या ना काळा. राजकन्या गोरी आहेच की!”

राहिला. जुळारीही राहिला. केतकीसारखा चेहरा त्या प्रकरणापुरता खोडावा लागला. लेखक पुढे माझ्याशी कधी बोलले नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

बाहेर आल्यावर जुळाऱ्याने विचारले, “खरा सांगा मास्तरांनू, ता पान तुमी वाचलात काय?”

“नाही,” मी म्हणालो.

तो हसला नाही. “मग आता सगळा वाचा,” म्हणाला. तेव्हापासून प्रूफ आणले की मी ओळ न् ओळ वाचेपर्यंत तो शेजारी उभा राही. सही घाईने करू लागलो तर कागदावर बोट ठेवी. त्यामुळे ती भिकार कादंबरी मला अक्षरशः वाचावी लागली.

म्हणूनच शेवटचे प्रकरण मला ठाऊक आहे, जे स्मरणिकेतल्या लेखात चलाखीने गाळले आहे. राजकन्येचा अश्रू योद्ध्याच्या गालावर पडतो, शाप सुटतो, काळेपणा सालीसारखा गळून पडतो आणि आतून तोच केतकीचा चेहरा निघतो. कष्टकऱ्यांना मुजरा करणाऱ्या लेखकाने आपला गोरा राजपुत्र इतकी वर्षे जपून ठेवला होता. या वेळी तक्रारीला जागा नव्हती. लेखकाच्या हातचे स्पष्ट अक्षर होते. जुळाऱ्याची नोकरी वाचली होती, म्हणून ते पान त्यालाच जुळवावे लागले. नातवांनी सांगितलेले बंड करायला तो दिवस योग्य होता. त्याने ते केले नाही. एक वेलांटीही चुकली नाही. मी पान वाचले, चूक सापडली नाही, सही केली.

अंक निघाल्यावर मी त्याला विचारले, “बायको काय म्हणाली?”

तो खिळे खणांत टाकत होता. मान वर न करता म्हणाला, “काय म्हणतली? म्हणाली, बिचाऱ्याक गिरणीत नेऊन ब्लीचिंग खात्यात घातल्यानी वाटता.”

त्या कादंबरीवर मी पुष्कळ समीक्षा वाचली आहे. इतके अचूक वाक्य तीत मला कोठे मिळाले नाही. ते मी स्मरणिकेच्या संपादकांना पत्राने कळवले, तेव्हा त्यांनी विचारले की ही बाई कोण, आणि तिचे शिक्षण किती.