तुमच्या आग्रहाखातर

माझे थोरले चुलत दीर, ज्यांना मी भावजी म्हणते, यांच्याइतके राजीनामे पृथ्वीतलावर दुसऱ्या कोणी दिले असतील असं मला वाटत नाही. मंत्री देतात ते फार तर एकदा-दोनदा, आणि तेही कोणीतरी मागितल्यावर. भावजींकडे मागावा लागत नसे. हॉलंडमधल्या झूटरमेर गावच्या आमच्या मराठी मंडळाच्या सांस्कृतिक समितीतून ते सात वर्षांत अकरा वेळा बाहेर पडले आणि अकराही वेळा परत आले. बॅडमिंटनच्या ग्रुपमधून, गणपतीच्या सजावटीतून, दिवाळी अंकाच्या संपादनातून, इतकंच काय, आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधूनही त्यांनी रीतसर राजीनामा दिला होता. रीतसर म्हणजे छापून. तीन प्रती, खाली सही, सहीखाली स्थळ आणि दिनांक. पहिल्या परिच्छेदात ‘कार्यबाहुल्यामुळे’ हा शब्द असे आणि खरं कारण दुसऱ्या परिच्छेदात असे. एका वर्षी शाळेचा हॉल सहाला रिकामा करून द्यायचा म्हणून अध्यक्षांनी मंत्रपुष्पांजली जरा आटोपती घ्यायला सांगितली, तर दुसऱ्याच दिवशी प्रती निघाल्या. पुढची पद्धत ठरलेली. दोन दिवस भावजी कोणाचा फोन घेत नसत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी इस्त्रीचा झब्बा घालून, वर्तमानपत्र समोर धरून हॉलमध्ये बसत. जाऊबाई सकाळीच जास्तीचं दूध आणून ठेवत आणि कांदे चिरायला घेत, कारण समजूत काढायला किती माणसं येणार याचा त्यांना अनुभवाने अंदाज असे. मंडळी येत, नको नको म्हणत दोन-दोन बशा पोहे खात, तुमच्याशिवाय मंडळात राम नाही असं आळीपाळीने म्हणत, आणि मग भावजी चष्मा पुसत म्हणत, “ठीक आहे. तुमच्या आग्रहाखातर.” त्यानंतर घरात दोन-तीन आठवडे फार शांतता नांदत असे.

या पद्धतीचा एकदाच बोजवारा उडाला. रॉटरडॅमच्या ऑफिसला ते एका डच सहकाऱ्याच्या गाडीतून जात. तो गाडीत रेडिओ मोठ्याने लावतो म्हणून भावजींनी त्यालाही पत्र दिलं, इंग्रजीतून, सही-दिनांकासह. त्याने ते सिग्नलला वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि “ओके, कळवलंस ते बरं केलंस,” म्हणाला. तिसऱ्या दिवशी सकाळी भावजी छत्री घेऊन नेहमीच्या कोपऱ्यावर उभे राहिले. गाडी आली. आतल्या माणसाने मनापासून हसून हात हलवला आणि गाडी पुढे निघून गेली. त्यानंतर चार वर्षं भावजी ट्रेनने आणि मग मेट्रोने ऑफिसला गेले. “या लोकांना माणसाची किंमत नाही,” एवढंच ते म्हणत. त्या माणसाने त्यांच्या शब्दाची पुरेपूर किंमत केली होती, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

असं असलं तरी, मी या देशात पाय रोवून उभी आहे ती या माणसामुळे, आणि हे मी रागातही विसरत नाही. नवऱ्याच्या व्हिसावर आले तेव्हा मला इथलं काहीच येत नव्हतं. नवरा प्रोजेक्टमध्ये बुडालेला. शनिवारी सकाळी भावजी दाराशी सायकल घेऊन हजर. बत्तिसाव्या वर्षी, सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, त्यांनी मला सायकल शिकवली. मागून सीट धरून पळताना धापा टाकत ते म्हणायचे, “खाली बघू नकोस, पुढे बघ, खाली बघणारा पडतो.” गेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो ते त्यांनीच दाखवलं. इथल्या डॉक्टरकडे जाताना आजार थोडा वाढवून सांगायचा, नाहीतर पॅरासिटॅमॉल देऊन घरी पाठवतात, हेही त्यांचंच. रॉटरडॅममधल्या एका मालवाहतूक कंपनीत माझी पहिली मुलाखत त्यांनी ठरवून दिली आणि मुलाखतीच्या दिवशी, मी नको म्हणत असताना, खाली रस्त्यावर दोन तास थांबले. सीमाशुल्काचे कागद भरण्याचं ते काम मी आजही करते.

भावजी इथे आले ते भारतातून नाही, इंग्लंडमधून. तिथे त्यांनी नऊ वर्षं काढली. व्हिसाच्या रांगा, मुदतवाढी, परीक्षा, आणि शेवटी राणीच्या तसबिरीशेजारी उभं राहून घेतलेली शपथ. तो फोटो त्यांच्या हॉलमध्ये लग्नाच्या फोटोपेक्षा मोठा होता. जाऊबाईंचा नंबर लागायच्या आतच रॉटरडॅमची नोकरी आली, म्हणून त्यांचा पासपोर्ट भारतीयच राहिला. इथल्या त्यांच्या कार्डावर छापलेलं होतं की या बाई युरोपियन युनियनच्या नागरिकाच्या कुटुंबीय आहेत, आणि तो नागरिक म्हणजे भावजी. इंग्लंडात असताना त्यांनी इंग्लंडला भरपूर नावं ठेवली असणार. इथे आल्यावर मात्र तिथल्या चहापासून खड्ड्यांपर्यंत सगळ्याचा त्यांना उमाळा येऊ लागला. आणि तिथे युरोपातून कोणीही उठून येतो याची त्यांना अंगाची आग होई. “मी नऊ वर्षं रांगेत उभा राहिलो. ही मंडळी बॅग उचलतात आणि येतात. ना व्हिसा, ना परीक्षा.”

“आणि भावजी, तुम्ही इथे कसे आलात?” मी एकदा विचारलं.

“बॅग उचलून,” जाऊबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

“माझी गोष्ट वेगळी आहे,” भावजी म्हणाले.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात इंग्लंडने युनियनमध्ये राहावं की बाहेर पडावं यावर मतदान होतं आणि भावजींना टपालाने मतपत्रिका आली. त्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. टेबल पुसून घेतलं, चांगलं पेन शोधलं, आणि त्यांनी आमच्यासमोर बाहेर पडण्याच्या बाजूने फुली मारली. जाऊबाईंनी आमटीची वाटी खाली ठेवून विचारलं, “अहो, तुमचा देश बाहेर पडला तर माझ्या कार्डाचं काय होणार?”

भावजी हसले. बायकांना राजकारण समजत नाही असं वाटल्यावर पुरुष हसतात तसं.

“अगं, बाहेर कोण पडतंय? लॉजिक साधं आहे. लग्नात जावई रुसून बसतो, तो काय लग्न मोडायला? सासरा येतो, मेहुणे येतात, काय हवं-नको विचारतात, हातात घड्याळ बांधतात, आणि जावई पानावर येऊन बसतो. हे बाहेर पडायचं म्हटलं की युरोपवाले धावत येतील. अहो थांबा, असं काय करता, म्हणतील. मग आपण अटी घालायच्या. राजीनामा दिल्याशिवाय किंमत कळत नाही.”

मला तेव्हाच त्या छत्री घेऊन उभ्या राहिलेल्या सकाळची आठवण झाली होती. पण मी भात वाढून घेतला. जेवणं व्हायची होती.

निकालाच्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी भावजी आमच्या दारात पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभे होते. हेगच्या दुकानातून ते आदल्या दिवशीच आणून ठेवलेले होते. माझ्या मुलीने पेढा खाऊन डचमध्ये विचारलं की कोणाला बाळ झालं, आणि ते जोरात हसले. जाऊबाईंनी पेढा घेतला नाही. त्यांनी आरडाओरडाही केला नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी गेमेंटेच्या डच भाषेच्या वर्गात नाव घातलं. त्या एका पाळणाघरात काम करत, त्यामुळे त्यांना डच येत होतं, पण ते दोन वर्षांच्या मुलांशी बोलायचं डच. नागरिकत्वासाठीच्या तोंडी परीक्षेत त्यांनी सगळी उत्तरं बरोबर दिली आणि उठताना सवयीने परीक्षकाला सांगितलं की आता शहाण्यासारखा कोट घाल बघू. परीक्षकाने घातला. हे सांगताना त्या हसून हसून रडल्या आणि मग नुसत्याच रडल्या. बावीस वर्षं संसार केलेल्या माणसाने कार्डाचा प्रश्न विचारल्यावर हसावं, हे त्या विसरू शकत नव्हत्या.

भावजी मात्र वाट बघत होते. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. रोज इंग्लंडची तीन वर्तमानपत्रं वाचून ते सांगत, “आता येतील. जर्मनीला गाड्या विकायच्या आहेत ना? येतील.” माझ्या ऑफिसात तोवर नव्या कागदांचं प्रशिक्षण सुरू झालं होतं. इंग्लंडला जाणाऱ्या टोमॅटोच्या, फुलांच्या, चीजच्या प्रत्येक ट्रकमागे उद्या किती कागद लागतील हे आम्ही शिकत होतो. त्यासाठी माणसं कमी पडणार म्हणून माझी नोकरी कायमची झाली. इंग्लंडला थांबवायला कोण जाणार, असं मी माझ्या डच मैत्रिणीला जेवणाच्या सुट्टीत विचारलं तेव्हा तिला प्रश्नच कळला नाही. “ते जातो म्हणाले ना?” ती म्हणाली आणि सँडविच खाऊ लागली. नोकरी कायम झाल्याचं मी भावजींना सांगितलं, तर म्हणाले, “बघ, माझ्या एका मतामुळे.” ते थट्टेत म्हणाले, पण मला ते फार लागलं, कारण ते खरं होतं.

जाऊबाई डच झाल्या त्या समारंभाला आम्ही गेलो होतो. भावजी शेवटच्या रांगेत बसले. बाहेर आल्यावर जाऊबाई त्यांना एवढंच म्हणाल्या, “इतकी वर्षं मी तुमच्या पासपोर्टावर राहिले. आता स्वतःच्या राहते.” भारताचा पासपोर्ट परत करून आल्या त्या दिवशी त्यांनी त्याचं रिकामं पाकीट कपाटात जिथल्या तिथे ठेवलं. आणि दोन हजार एकोणीसच्या सुरुवातीला भावजींना इमिग्रेशनचं पत्र आलं. सभ्य पत्र होतं. तुम्हाला या देशात राहता येईल, त्यासाठी परवान्याचा अर्ज करा, असं लिहिलेलं. जाऊबाईंनी सगळा फॉर्म भरला, हव्या तिथे कागद जोडले आणि सहीची जागा तेवढी मोकळी ठेवून टेबलावर ठेवला.

“मी अर्ज करायचा?” भावजी म्हणाले. “अकरा वर्षं राहतोय इथे. त्यांनी म्हणायला हवं, राहा म्हणून.”

“तेच तर लिहिलंय पत्रात,” जाऊबाई म्हणाल्या.

“ती काय म्हणायची पद्धत आहे?”

तीन आठवड्यांनी तीन प्रती निघाल्या. एक जाऊबाईंना, एक आम्हाला, एक फाइलला. कार्यबाहुल्य नव्हतं या वेळी. इंग्लंडात लेस्टरला जुन्या मित्राच्या ओळखीने काम आणि एक खोली मिळत असून महिनाअखेरीस तिकडे जाण्याचं ठरवत आहे, असं लिहिलं होतं. ‘ठरवलं आहे’ नव्हे. मी ते वाक्य नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, “दादा जाणार नाही गं.” तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्या घरावरून सायकलने गेले. झब्बा घालून भावजी हॉलमध्ये बसले होते. आम्ही तेवढे उरलो होतो समजूत काढायला येण्यासारखे. मी बेल वाजवली नाही. दर वेळी आपणच का, असं मला त्या दिवशी वाटलं. जाऊबाईंच्या बाजूने मी रागावले होते आणि तो राग मला त्या वेळी फार न्यायाचा वाटत होता.

हूक फान हॉलंडच्या बंदरातून इंग्लंडला जाणारी दुपारची बोट होती. सामान जास्त म्हणून त्यांनी विमान घेतलं नव्हतं, आणि बोट सुटेपर्यंत धक्क्यावर बराच वेळ मिळतो हेही त्यांना माहीत असावं. आम्ही चौघं गेलो. धक्क्यावर वारा सुटला होता. भावजींनी तिकीट काढलं, ठेवलं, परत काढलं. मग मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाचं काय, सायकलच्या ब्रेकचं काय, असं एकेक विचारत राहिले. जाऊबाई म्हणाल्या, “रक्तदाबाच्या गोळ्या डाव्या कप्प्यात आहेत.” भावजींनी मान हलवली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चष्मा काढून पुसायला लागले. ते कशाची वाट बघत होते हे तिथे फक्त मलाच माहीत होतं असं नाही, आम्हाला तिघांनाही माहीत होतं. एक शब्द म्हणायचा होता. कोणीही म्हटला असता तरी चाललं असतं.

मी म्हटलं, “पोचल्यावर फोन करा, भावजी.”

रविवारी ते फोन करतात. आधी हवेचं सांगतात, मग तिथल्या मराठी मंडळाचं. तिथे दोनदा राजीनामा दिला म्हणे, आणि लोक घरी आले होते म्हणे. त्या एका खोलीत ती माणसं कुठे बसली, त्यांना चहा कोणी करून दिला, हे मी विचारत नाही. जाऊबाई अशा वेळी आमच्याकडे असल्या तर भांडी विसळत असतात आणि नळ बारीक करून ठेवतात. गेल्या रविवारी सगळं बोलून झाल्यावर ते म्हणाले, “तिकडे कोणी विचारतं का गं माझ्याबद्दल?”

मी दिवसभर खरे कागद भरते, त्यात एक आकडा चुकला तर ट्रक बंदरावर अडकतो. पण मी म्हटलं, “विचारतात ना. परवाच मंडळाची माणसं म्हणत होती, तुमच्याशिवाय मजा नाही. कधी येताय विचारत होते.”

कोणीही विचारत नव्हतं. पलीकडून भावजी घसा साफ करून म्हणाले, “असं म्हणतात का? बरं. विचार करतो म्हणावं.”