मांडवातलं जर्मन क्लॅरिनेट

क्लॅरिनेट वाजवायला दोन्ही हात लागतात, ही गोष्ट मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, पोटच्या पोरीच्या लग्नात, सगळ्या वऱ्हाडासमोर समजली.

तसा मी रेल्वेच्या ऑफिसातला सरळमार्गी माणूस. रायपूरला तात्यापाऱ्यात घर, एक बायको, एक मुलगी. सहा महिन्यांपासून (बायकोच्या मते सहा जन्मांपासून) गल्लीतल्या बँडमास्टरजींकडे क्लॅरिनेट शिकून राहिलो होतो. मास्टरजींचं वय सत्तर, फुफ्फुसं मात्र पंचविशीतली. वाद्यही त्यांचंच, माझा फक्त वारा. घरात कोणी मनावर घेतलं नव्हतं. पण पिंकीचं लग्न ठरलं, आणि ही पोट्टी, जी जन्मात माझ्याशी मराठीत बोलली नाही, एके दिवशी म्हणाली, "पापा, मामा मुझे मंडप में लाएँगे ना, तब डीजे नहीं बजेगा. आप आगे चलना और आप ही बजाना."

मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. खरं सांगतो, नळ सुरू करून रडलो!

पंचाईत एकच होती. लग्न भर सीझनमधलं. त्या संध्याकाळी मास्टरजी आपलं क्लॅरिनेट घेऊन दुसऱ्याच्या वरातीत जाणार. म्हणजे मला माझं स्वतःचं पाहिजे.

खरेदी म्हटली की आमच्या घरी सुरेशला बोलावणं जातं. सुरेश म्हणजे माझा साळा. सिलतऱ्याच्या स्टील प्लांटमध्ये आहे, त्यामुळे जगातल्या कोणत्याही मशीनबद्दल त्याचं ठाम मत असते. आम्ही बाजारातल्या दुकानात गेलो. सुरेशनं एक चकाचक क्लॅरिनेट उचललं, टरबूज पाहावं तसं बोटानं ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊजी, डोळे मिटून घ्या. माल सॉलिड आहे."

मी वाजवून पाहिलं. बोटं नेहमीच्या जागी, सूर भलत्याच गावी! दुकानदाराचा चहावाला कप तिथेच ठेवून पळाला. मास्टरजींना फोन लावला.

"हव बाबूजी, होगा ही," ते शांतपणे म्हणाले. "वो दूसरा सिस्टम है. आपकी उँगली जर्मन सिस्टम पर बैठी है. उसकी चाबी अलग, छेद अलग. शादी में इज्जत रखनी है तो जर्मन ही लेना."

रायपुरात जर्मन सिस्टम काही सापडेना. जो तो म्हणे, "भैया, अब कौन लेता है?" शेवटी मास्टरजींनीच नागपूरचा एक पत्ता दिला. तिथला दुकानदार बंद पडलेल्या बँडपार्ट्यांची जुनी वाद्यं विकायचा. सकाळच्या गाडीनं मी आणि सुरेश निघालो. निघताना मास्टरजींनी परीक्षा शिकवून ठेवली होती: वरचं तोंड काढून टाकायचं, सगळी छिद्रं बंद करायची, खालचं टोक मांडीवर दाबायचं आणि वरून हवा ओढायची. जिभेला चिकटून राहिलं तर वाद्य कुठून गळत नाही.

"मी करतो," सुरेश म्हणाला. "प्लांटमधी रोज प्रेशर चेक करून राहिलो मी."

त्यानं अशी हवा ओढली, अशी ओढली, की नळी जिभेला गच्च चिकटली. डोळे बाहेर आले तरी हा सोडेना! "अँ... अँ..." करून मला खुणावून राहिला. मला वाटलं, पसंत आहे म्हणते. दुकानदार ओरडला, "भैया, छोड़ो! अभी बिका नहीं है!"

परीक्षेत क्लॅरिनेट पास झालं. सुरेश दोन दिवस बोबडा बोलला.

घरी आणल्यावर बायको म्हणाली, "अजी, जर्मनचं म्हणता न? मग इतकं काळं काहून?" (आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मन म्हणतात.) तरी बाईनं रीतीप्रमाणे पूजा केली. नवीन वस्तू घरात आली की हळद-कुंकू हे झालंच पाहिजे. आमच्या फ्रिजला अजून स्वस्तिक आहे. मास्टरजी येऊन पाहून गेले, खूश झाले. एक गोष्ट मात्र त्यांनी बजावली. या जातीच्या क्लॅरिनेटचं तोंड अरुंद. बाजारातली लोखंडी क्लिप त्यावर बसत नाही. वेताची जी पट्टी वाजते, ती सुताच्या डोरीनं घट्ट गुंडाळून बांधायची. वाजवून झालं की डोरी सोडायची, गुंडी करून बाजूला ठेवायची.

मी इमानदार शिष्य. रोज वाजवायचो, रोज डोरी सोडायचो. घरात पाहुणे भरले तशी पोट्ट्यांच्या भीतीनं क्लॅरिनेटची पेटी देवघरात हलवली आणि डोरीची गुंडी पेटीवर ठेवली. पांढरी डोरी पूजेच्या हळदीनं छान पिवळी झाली होती.

लग्नाचा मुहूर्त गोरज. पिंकी नटून मामाची वाट पाहून राहिलेली. भटजींनी "मुलीच्या मामांनी मुलीला आणा" म्हणून पुकारा केला. मी ऐटीत पेटी उघडली. क्लॅरिनेट आहे, पट्टी आहे, डोरी नाही!

"डोरी कोणं नेली?" मी ओरडलो.

अकोल्याहून आलेली माझी मोठी बहीण, ताई, शांतपणे म्हणाली, "ते देवघरातलं हळदीचं सूत म्हणतो का रे? किती सोय केली होती वहिनीनं! त्याचीच तर काकणं बांधली मी काल. एक पिंकीले, एक नवरदेवाले, उरलं ते मांडवाच्या खांबाले."

"ताई! माझ्या वाद्याची डोरी होती ती! सोड पटकन!"

"काही बोलू नको बापू! लगन लागल्याशिवाय काकण सोडत असतात का? अपशकुन आहे!"

पिंकीनं आपलं मनगट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले. "कोई बात नहीं पापा. डीजे वाले को बोल दो."

ते मात्र मला सहन झालं नाही. मिठाईच्या डब्याचं रबर लावलं, तटकन तुटलं. हाराचा दोरा लावला, ओला होता, घसरला. पलीकडे भटजी घसा फोडून राहिले. मग मला सुचलं. मी खोलीचं दार लावलं आणि पायजम्याची नाडी ओढून काढली. काय बसली ती! जशी त्याच्यासाठीच विणलेली!

पहिला सूर खणखणीत निघाला. दुसऱ्या सुराला पायजमा निघाला.

"सुरेश! पिन आण!"

"पिना साऱ्या बायांच्या पदराले लागल्या, भाऊजी! तुम्ही वाजवा, मी धरतो!"

असे आम्ही निघालो. पुढे मी, दोन्ही हात क्लॅरिनेटवर. मागे सुरेश, उजव्या हातात भाचीचा हात, डाव्या मुठीत कुर्त्यासकट माझा पायजमा. मी आलाप लांबवला की तो कानात कुजबुजे, "भाऊजी, श्वास जपून घ्या, पोट आत गेलं की सुटते!" पण सांगतो, भूप असा लागला तो आयुष्यात पुन्हा लागायचा नाही. पिंकी हसतही होती, रडतही होती. शेवटच्या सुराला टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पिंकी माझ्या कानाशी येऊन चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, मस्त!"

जेवणाच्या पंगतीत व्याही डोळे पुसत माझ्याजवळ आले. आता माफी मागावी म्हणून मी उठलो, तर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. (पायजम्याला तोवर पिना लागल्या होत्या.)

"साहेब, मामा पोरीले आणते, हे साऱ्याकडंच पाहिलं. पण मामानं एका हातानं भाची अन् दुसऱ्या हातानं गहिवरलेला बाप सांभाळत आणावा, हे पहिल्यांदा पाहिलं! काय जुनी रीत आहे तुमच्याकडची! माझ्या धाकटीच्या लग्नात मी पण अशीच करणार. काही नियम असतीन तर सांगून ठेवा."

मी थोडा विचार केला आणि गंभीरपणे सांगितलं, "नियम एकच. मामाची पकड पक्की पाहिजे."