चिमूटभर उरलेलं

शेजारच्याची चौकशी न करता अमरावती-अकोला प्रवास करणारा वऱ्हाडी अजून जन्मायचा आहे. एसटीत मी शेजारी बसलेल्या अनोळखी पोरीला विचारलंच, "लग्न ठरलं का?"

"बाबा ठरवून राहिले, काका. मले आधी संशोधन पुरं करायचं आहे. त्याइले सांगू कसं?" तळहातावरच्या शेंगदाण्यांची सालं तिनं फुंकली. "विश्वाच्या सुरुवातीले पदार्थ आन् प्रतिपदार्थ भिडले, दोघंही संपले. चिमूटभर पदार्थ उरला. तो कावून उरला, तेच शोधून राहिली मी. आपण सारे त्या उरलेल्यातलेच."

मी हादरलो. घरातलं उरलंसुरलं संपवणारा मी स्वतःच उरलेला निघालो. अकोल्यापर्यंत तिनं पुढे केलेले उरलेले शेंगदाणे संपवत बसलो.

स्टँडवर तिचे बाबा उभे होते. ती नुसती बॅगेचा पट्टा ओढत राहिली. शेवटी मीच म्हणालो, "शिकू द्या हो पोरीले."

"तुमी कोण?"

"उरलेला."

ती हसली, आणि मग तिनं बाबांना सगळं सांगून टाकलं.