सत्तर अक्षरांत फवारणी

आमच्या ऑफिसात किस्से कुणी मुद्दाम घडवत नव्हतं. चुका दुरुस्त करता करता ते उरायचे. मी रोज डायरीत एखादी ओळ लिहायचो, आणि महिनाअखेरीस पाहतो तर कामापेक्षा भांडणांचीच पानं जास्त!

काम दिसायला सोपं. कापूसवाल्यांना मोबाइलवर सल्ला पाठवायचा. हैदराबादहून इंग्रजी एक्सेल शीट यायची, शेजारच्या रकान्यात मी मराठी लिहायचो. मर्यादा सत्तर अक्षरांची. एकाहत्तरावं पडलं की रकाना लाल, आणि लाल रकान्यातला मेसेज जायचाच नाही! त्या हंगामात फवारणी करणारी माणसं चक्कर येऊन दवाखान्यात भरती होत होती. आमच्या सुनंदाताईंचा भाऊ संजू मारेगावकडे रोजीनं फवारायचा. रकाना लाल झाला की ताईंचा जीव वर-खाली व्हायचा.

*

कॉम्प्युटर काना, मात्रा, अनुस्वार सगळं वेगवेगळं मोजायचा. ‘बोंडअळी’ आम्हाला चार अक्षरं, त्याला सात! मी हैदराबादच्या साहेबांना फोन करून अर्धा तास समजावलं.

साहेब शांतपणे म्हणाले, “तो मात्रा कम लगाइए ना!”

*

भांडेकर सर कृषी खात्यातून रिटायर होऊन आमच्याकडे आलेले. प्रत्येक मेसेजच्या सुरुवातीला त्यांना ‘सन्माननीय शेतकरी बंधू आणि भगिनींनो,’ हवंच. मोजलं तर पस्तीस!

कॉम्प्युटरवर बसणारा गजूभाऊ वैतागला. “सर, मानपानातच अर्धी जागा गेली. आता अळीले कुठं बसवू?”

“अळी पुढच्या मेसेजमध्ये घ्या,” सर म्हणाले.

*

याच सरांनी एकदा सगळी शीट सहाच्या फॉन्टमध्ये केली. “आता तर अर्धा रकाना रिकामा आहे. तरी लाल कसा?”

गजूभाऊ म्हणाला, “सर, कापूस दाबून भरला तं वजन कमी होते काय?”

*

पण गजूभाऊही काही कमी नव्हता. मी जेवायला गेलो तेवढ्यात त्यानं एका मेसेजमधली सगळी मोकळी जागा काढली, शब्दाला शब्द चिकटवला आणि पाठवूनही दिला.

दुपारी बोरी अरबहून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा फोन. “साहेब, मंत्र भेटला. दिवसातून किती वेळा म्हणाव लागते?”

*

फवारणीच्या इशाऱ्यातली मात्र ताईंनी एकही सूचना गाळू दिली नाही. “हे सगळं गेलंच पाहिजे,” एवढंच म्हणत राहिल्या. दोन दिवस खाडाखोड. सरांनी पहिल्यांदाच ‘सन्माननीय’ सोडलं. शेवटी रकान्यात बसलं:

‘वारा असताना फवारू नका. तोंड बांधा. चक्कर आली तर लगेच दवाखान्यात जा.’

सदुसष्ट! “तीन उरले, ताई, घरी घेऊन जा,” गजूभाऊ म्हणाला. मेसेज गेला. चहा मागवला.

ताईंनी तिथूनच संजूला फोन लावला, स्पीकरवर. “मेसेज भेटला का रे?”

“मले कायले भेटते? सातबारा मालकाचा, मेसेज मालकाच्या फोनवर. मालक यवतमाळले राह्यते.”

“मग त्यायनं तुले काही सांगतलं का नाही?”

“सांगतलं ना, आत्ताच. म्हणे, फवारणीचा मेसेज आला, फवारून घे. मी वावरातच हाओ.”

ताई खुर्चीवरून उठल्या आणि ओरडूनच तो मेसेज पहिल्या शब्दापासून सांगू लागल्या.

“जोरानं बोल न ताई!” संजू तिकडून ओरडला. “वाऱ्यानं काहीच आयकू येऊन नाही राह्यलं!”