गोल भिंतीची लायब्ररी

लायब्ररीत बोलायला मनाई असते. त्यामुळे तिथले किस्से कोणी कुणाला सांगत नाही आणि ते नुसते साठत जातात. मग माझ्यासारखी एखादी येते, जिला सगळंच विचारायचं असतं, आणि तो सगळा साठा तिच्या पदरात पडतो.

आम्ही दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. दर शनिवारी मी सईला मेट्रोने या मोठ्या, जुन्या सार्वजनिक लायब्ररीत नेते. सई साडेपाच वर्षांची. घरात अखंड बडबड, दाराबाहेर एक शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, धीर धरा. धीर सोडून बाकी सगळं मी करून पाहिलं. शेवटी वाटलं, जिथे कोणीच बोलत नाही अशा जागी तरी माझी मुलगी चारचौघांसारखी दिसेल.

*

पहिल्याच दिवशी मी भगतजींना विचारलं, ही इमारत कधीची? भगतजी तिथले सर्वांत जुने अटेंडंट. म्हणाले, अंग्रेजों के ज़माने की. काउंटरमागून लायब्रेरियन कौर मॅडम मान न उचलता म्हणाल्या, आज़ादी के बाद की.

मग कोनशिला बघू या की, मी म्हटलं. कोनशिला आहे, पण तिच्यापुढे मासिकांचं लोखंडी कपाट आहे, भिंतीला बोल्ट मारलेलं. ते हलवायला बिल्डिंग सेक्शनची परवानगी लागते. मॅडमनी तीनदा फॉर्म पाठवला. तिन्ही वेळा अपूर्ण म्हणून परत आला, कारण पहिलाच रकाना रिकामा होता: इमारतीच्या बांधकामाचं वर्ष.

*

मुख्य हॉल गोल आहे. वर घुमट, आणि घुमटाखाली भिंतीवर चित्रांचा पट्टा. झाडाखाली, नावेत, गच्चीवर वाचत बसलेली माणसं. वरच्या जाळ्यांतून ऊन येतं आणि दिवसभर एकेका चित्रावरून सरकत जातं. नावेवर ऊन आलं की भगतजी चहाला उठतात, घड्याळाकडे बघतही नाहीत.

या वाचणाऱ्यांत एक माणूस मात्र पोटावर पुस्तक ठेवून झोपलेला होता, आणि बरोबर त्याच्याखाली पाटी: ‘यहाँ सोना मना है।’ इन्स्पेक्शनला आलेल्या कुणा साहेबांनी शेरा मारला, ही विसंगती दूर करावी. पेंटर आला. त्याने फक्त डोळे उघडून दिले!

तेव्हापासून तो माणूस आडवा पडून खालच्या टेबलाकडे टक लावून बघतोय. मुनिरकाहून परीक्षेची तयारी करायला येणाऱ्या मुलांनी लेखी तक्रार दिली, ‘घूरता है।’ ते टेबल आता कायम रिकामं असतं. सईला तो माणूस फार आवडतो. ती त्याच्याकडे बघते, तो तिच्याकडे, आणि दोघंही काही बोलत नाहीत.

*

भिंतीची गंमत मला फार उशिरा कळली. त्या गोल भिंतीजवळ कुजबुजलं, तर आवाज भिंतीभिंतीने फिरत बरोबर समोरच्या टोकाला निघतो. मध्ये बसलेल्यांना काही पत्ता नसतो. हे मुद्दाम केलं की चुकून झालं, मी विचारलं. भगतजींनी वर घुमटाकडे हात केला, कारीगर जाने.

स्टाफ वर्षानुवर्षं वॉटर कूलरपाशी भिंतीला टेकून कौर मॅडमबद्दल बोलायचा. आणि कूलरच्या बरोबर समोर मॅडमचा काउंटर! एकदा भगतजी तिथे म्हणाले, मॅडमला दस्तखत करण्यापलीकडे काही येत नाही. दोन दिवसांनी त्यांचा रजेचा अर्ज सहीविना परत आला. खाली सुंदर अक्षरात लिहिलं होतं, ‘दस्तखत भी भूल गई।’

मी मॅडमना विचारलं, मग तुम्ही जागा का नाही बदलली?

“क्यों बदलूँ? मेरे बारे में इतना तो घर में भी कोई नहीं सोचता।”

*

आता गेल्या शनिवारचं. सईच्या शाळेने आम्हाला सोमवारी बोलावलं होतं. ती वर्गात बोलतच नाही, तर पहिलीत न पाठवता आणखी एक वर्ष केजीतच ठेवू, असं त्यांचं म्हणणं. दुपारी निखिलचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, फोन आला. फोन बाहेर जाऊन घ्यायचा असा नियम आहे. पण बाहेर गेले तर सई नजरेआड होणार. ती काउंटरपाशी, भिंतीलगतच्या भगतजींच्या स्टुलावर बसून चित्रातल्या आपल्या माणसाकडे बघत होती. मी कूलरच्या बाजूला जाऊन भिंतीकडे तोंड केलं आणि जमेल तितक्या हळू बोलले. घाबरले की मला काहीच आठवत नाही. कूलरचं तर नाहीच नाही.

मी म्हटलं, निखिल, मीच तिला बिघडवलं का रे? घरी मराठी, खाली खेळताना हिंदी, शाळेत इंग्लिश, बिचारी गोंधळून गेली असेल. सोमवारी मी काय सांगू त्यांना? एवढं म्हणून मी चक्क रडायला लागले, तेही हळूच, कारण लायब्ररी होती.

काउंटरपाशी तेव्हा कौर मॅडम होत्या, भगतजी होते, पुस्तकं परत करायला आलेली दोन अनोळखी मुलं होती. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच झालं की माझ्या नाकासमोरची भिंत सईच्या आवाजात म्हणाली,

“आई, हळू बोल ना. इथे सगळ्यांना ऐकू येतं.”