जावेचं तत्रैव

माझी धाकटी जाऊ प्रसूतिगृहात परिचारिका होती. निवृत्त झाल्यावर लोक पाय पसरून बसतात; हिने पीएच.डी.ला नाव घातलं. विषय, जुन्या सुईणींची कामाची पद्धत. एका म्हाताऱ्या सुईणीच्या उंबऱ्याशी बसून बसून हिने तिला बोलतं केलं. सगळा प्रबंध त्या मुलाखतीवर उभा.

आता 'तत्रैव' म्हणजे काय ते सांगते, कारण आग तिथेच लागली. तळटिपेत आधाराचं पूर्ण नाव एकदा द्यायचं. लगेच खालची टीप त्याच आधाराची असेल, तर नुसतं 'तत्रैव' लिहायचं, म्हणजे 'तिथेच पाहा'. सोय चांगली आहे. पण मध्ये दुसरी टीप घुसली, की खालची सगळी 'तत्रैव' तिच्या पदरात जातात.

आणि घुसलीच. टायपिंग झाल्यावर मार्गदर्शक म्हणाले, "माझ्याही लेखाचा उल्लेख येऊ द्या इथे." हिने मुकाट्याने घातला. खालची 'तत्रैव' बदलायची राहिली. परीक्षकांचा शेरा आला: महत्त्वाचं सगळं मार्गदर्शकांच्या लेखातून घेतलेलं, उमेदवाराचं स्वतःचं काय? पदवी अडली.

मी तिच्यासोबत मार्गदर्शकांकडे गेले. सर खुर्चीत रेलून म्हणाले, "किरकोळ गोष्ट आहे. परीक्षकांशी मी बोलतो. प्रबंध आहे तसाच राहू द्या. पदवी मिळाल्याशी कारण."

म्हणजे म्हातारीचं शहाणपण आयतं यांच्या घशात. माझं टाळकं सटकलं.

"उकिडवं बसवलं की बाळ लवकर उतरतं, हे आता तुमच्या नावावर," मी म्हटलं. "किती बाळंतपणं झाली तुमची?"

"ताई, थांबा तुम्ही," जाऊ म्हणाली. मला वाटलं, आता मान डोलावणार. जन्मभर डॉक्टरांपुढे डोलावलीच होती.

"चूक माझी आहे, सर. टीप घालताना खाली बघायला हवं होतं. पण हे त्या आजींना दाखवायचं कबूल केलंय मी."

"त्यांना वाचता येतं?"

"मला येतं ना. मी वाचून दाखवणार."

प्रबंध काखोटीला मारून ती उठली. पदवी पुढच्या वर्षावर गेली. 'तत्रैव' खोडून तिने प्रत्येक टिपेत सुईणीचं पूर्ण नाव लिहिलं. सरांची टीप मात्र ठेवली, सगळ्यांच्या शेवटी.

"लेख त्यांनी लिहिलाय ना, ताई," म्हणते.

मी ठेवली नसती. अजूनही सुनावते तिला.